पाच पातळ पाटे, दोन जाड

१९६४ च्या उन्हाळ्यात माझी बदली सांगलीला झाली. तोपर्यंत चार वर्षं मी आसामात होतो. हुद्दा नाईक, ट्रेड व्हेईकल मेकॅनिक. माझं गाव मिरज तालुक्यातलं. बदलीचा हुकूम वाचून वर्कशॉपमधले सोबती म्हणाले की कांबळेनं देवाला लाच दिली. आमच्या घरानं १९५६ साली धम्म स्वीकारला होता, त्यामुळे मी त्यांना सांगितलं की त्या साहेबांशी माझी ओळख राहिलेली नाही.

युनिट लहान होतं. कॉलेजच्या मुलांना लष्करी शिक्षण द्यायचं, त्यातही वायरलेस शिकवायचं, एवढंच काम. कमांडिंग ऑफिसर कॅप्टन सूद, पंजाबकडचे. चार-पाच इन्स्ट्रक्टर, काही वायरलेस सेट आणि एक गाडी.

ती गाडी म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली पिकअप. चारही चाकं ओढणारी, इंजिन दणकट. तिच्याबरोबरच्या बाकी गाड्या केव्हाच लिलावात गेल्या होत्या, ही कशी राहिली ते कोणाला माहीत नव्हतं. तिचं एकच दुखणं होतं. मागचे पाटे, म्हणजे ज्यांना इंग्रजीत लीफ स्प्रिंग म्हणतात ते, वीस वर्षांच्या ओझ्यानं सपाट झाले होते. मागून बघितलं की म्हैस खाली बसायच्या बेतात आहे असं वाटायचं.

तिचा ड्रायव्हर हवालदार निवृत्ती शिंदे. साताऱ्याचा, कोरेगाव तालुक्यातला. आजा फौजेत, बाप फौजेत, दोन चुलते फौजेत. उंच, सडपातळ, बोलणं मोजकं. पहिल्या दिवशी दुपारी आम्ही गाडीच्या सावलीत जेवायला बसलो. मी डबा उघडला. त्यानं न विचारता माझ्यातली अर्धी भाकरी मोडून घेतली आणि आपल्यातला खर्डा माझ्या ताटलीत टाकला. आमची ओळख झाली ती अशी.

रोजचा दिवस ठरलेला होता. सकाळी पीटी, मग गाडीची मेंटेनन्स परेड, मग मुलांचे वर्ग. शिंदे गाडी पुसायचा, मी ग्रीस भरायचो. पाट्यांबद्दल मी दोनदा लेखी कळवलं. दोन्ही वेळा उत्तर आलं की गाडी लवकरच बाद होणार आहे, खर्च करू नये.

ऑक्टोबरात परतीचा पाऊस आला. जत तालुका कोरडा, तिथं टँकरची वाट बघणारी गावं. त्या वर्षी मात्र चार दिवसांत ओढे भरून वाहिले, विहिरींत गढूळ पाणी उतरलं आणि कर्नाटकच्या सीमेवरच्या एका गावात पटकीची साथ सुरू झाली. मिरजेच्या एका रुग्णालयातल्या डॉक्टर पाटणकरबाई तालुक्याच्या जीपमधून तिकडे गेल्या. त्यांच्याबरोबर आमचा लान्सनायक गुरव वायरलेस सेट घेऊन गेला. ते पलीकडे पोचले आणि मागं ओढा चढला. जीप तिकडेच अडकली.

कॅप्टन साहेबांनी ओढ्याच्या अलीकडच्या शाळेत दुसरा सेट लावला. त्या गावाला आम्ही सेटवर डेल्टा म्हणायचो, शाळेला बेस. आम्ही सलाईनच्या बाटल्यांची खोकी, ब्लीचिंग पावडर आणि चांगल्या पाण्याची दोन पिंपं घेऊन पिकअपमधून तिथं पोचलो. तेव्हा सलाईन काचेच्या बाटल्यांत यायचं.

पाणी कमरेएवढं होतं. ओढ्याचा तळ दगडांचा. शिंदेनं गाडी घातली. दहा-पंधरा हात गेलो असू, तोच खालून असा आवाज आला की माझे दात एकमेकांवर आपटले. गाडीच्या मध्यभागी चारही चाकांना ताकद वाटून देणारा एक डबा असतो, ट्रान्स्फर केस. तो दगडावर बसला होता. पाटे सपाट असल्यामुळे मागचा अॅक्सल, म्हणजे चाकांचा आस, थेट चासीच्या सांगाड्यावर आपटत होता. दर धक्क्याला खोकी हवेत उडत होती. शिंदेनं रिव्हर्स टाकून गाडी कशीबशी बाहेर काढली. टेलबोर्डमधून, म्हणजे हौद्याच्या मागच्या फळीतून, पाण्याची धार लागली होती. ती ओढ्याच्या पाण्याची नव्हती, फुटलेल्या बाटल्यांची होती.

सेटवर गुरवचा आवाज आला.

"बेस, मी डेल्टा. डॉक्टर म्हणतात, सलाईन उद्या दुपारपर्यंत पुरेल. पुढं नाही. ओव्हर."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं की गाडी एक वीत वर उचलली तर जाईल. त्यांनी विचारलं, कुठं करणार? मी म्हणालो, मिरजेला. ते सेटवर म्हणाले, "डेल्टा, उद्या दुपारच्या आत पोचतो. आऊट." आणि गाडीत बसले.

थोड्या बाटल्या दोर बांधून माणसांनी पलीकडे नेल्या असत्या. पण पुढं सहा मैल काळ्या रानातला चिखल होता, आणि पाण्याची पिंपं कोणाच्या डोक्यावर जाणार नव्हती. गाडीच पाहिजे होती.

मिरजेच्या वाटेवर मी डोक्यात हिशेब मांडत होतो. लोकांना वाटतं की पाटे बदलले की सगळी गाडी वर येते. तसं नाही. अॅक्सल चाकांच्या उंचीवर असतो, तो तिथंच राहतो. वर येते ती चासी आणि तिच्यावर बसवलेलं सगळं. इंजिन, पेट्रोलची टाकी, ट्रान्स्फर केस, मागचा हौदा. आमचं अडत होतं ते नेमकं तिथंच. त्यामुळे काम होण्यासारखं होतं. मला भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगतो, अंगात नुसता उत्साह भरला होता. चार महिने ज्या गाडीला हात लावू नको म्हणत होते, तिची पाठ सरळ करायची परवानगी एका क्षणात मिळाली होती.

मिरज स्टेशनच्या मागं अब्दुलचाचांचं आवार होतं. लष्कराच्या लिलावातले सुटे भाग ते विकायचे. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि गोदामाचं दार पुरतं उघडून दिलं. आत पाट्यांचे ढीग होते. त्यांत आमच्या उपयोगाचे तीन प्रकार सापडले. पहिला, आमच्याच गाडीचे कोरे पाटे, ग्रीसमध्ये गुंडाळलेले. दुसरा, तीन टनी ट्रकचे पाटे, अंगठ्याएवढे जाड. तिसरा, कुठल्याशा प्रवासी गाडीचे, पातळ, लांब आणि छान कमान असलेले.

कोरे पाटे लावले तर गाडी मूळच्या उंचीवर आली असती, पण ती उंची त्या दगडांना पुरत नव्हती. म्हणजे निवड उरली जाड आणि पातळ यांत. तिथं शिंदेचं आणि माझं जुंपलं.

शिंदेचं म्हणणं असं की ओझं आहे, पाणी आहे, दगड आहेत, तेव्हा ट्रकचेच पाटे पाहिजेत. उंची मिळून भागत नाही, ती ओझ्याखाली टिकली पाहिजे. माझं म्हणणं असं की एवढ्या हलक्या गाडीला ट्रकचे पाटे लावले तर ते वाकणारच नाहीत. न वाकणारा पाटा म्हणजे नुसता लोखंडाचा ठोकळा. सगळा धक्का वर काचेला बसेल.

"कांबळे, गाडीच न्हाई पोचली तर बाटल्या कुनाला देनार?" शिंदे म्हणाला.

"आवं हवालदार, नुसत्या काचा पोचवून तरी काय करायचं?"

कॅप्टन साहेबांनी दोघांनाही गप्प केलं. म्हणाले, वाद नको, ट्रायल घ्या. आधी हवालदाराचे पाटे.

मी, शिंदे, चाचा आणि त्यांचा लोहार, आम्ही चौघं लागलो. गाडी जॅकवर घेतली, चाकं काढली, पाटे धरणाऱ्या यू-बोल्टच्या नटांवर रॉकेल ओतलं. शिंदे ड्रायव्हर असला तरी पान्यावर त्याचा हात माझ्याइतकाच चालायचा. जाड पाटे मागं चढवले. गाडी शेपूट वर करून उभी राहिली. हौद्यात ओझं म्हणून ज्वारीची पोती घातली, तरी ती तसूभर खाली आली नाही. शिंदेनं माझ्याकडे बघितलं, त्याच्या मिशा बोलत होत्या.

मग साहेब स्वतः हौद्यात चढले. सलाईनचं एक खोकं त्यांनी पुढ्यात घेतलं आणि म्हणाले, चलो. शिंदेनं गाडी रेल्वे फाटकाकडे नेली आणि रुळांवरून पलीकडे काढली. रूळ ओलांडताना साहेब आणि खोकं दोन्ही वर गेले, आणि खाली मात्र एकाच वेळी आले नाहीत. परत आलो तेव्हा खोक्यात दोन बाटल्या तडकलेल्या होत्या. साहेब उतरले, कंबर चोळली आणि म्हणाले, "हवालदार, ये स्प्रिंग नहीं है, तोप है."

शिंदेसुद्धा हसला.

मग माझी पाळी. ट्रकचे पाटे उतरवले. प्रवासी गाडीचा मेन पाटा लांबीला जास्त होता. मेन पाटा म्हणजे सगळ्यात वरचा, ज्याच्या दोन्ही टोकांना वळवलेले डोळे असतात आणि जो चासीला अडकतो. म्हणून मेन पाटा आमच्या कोऱ्या संचातला घेतला आणि त्याच्याखाली चार पातळ पाटे कापून बसवायचे ठरवले. कमान सगळ्यांची सारखी पाहिजे, म्हणून मेन पाट्याला जास्त वाक द्यायचा होता. चाचांच्या लोहारानं भट्टी पेटवायचं म्हटलं. मी नको म्हणालो. तापवला की पाट्याचं पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा, जातं, आणि ते पुन्हा नीट द्यायला आमच्याकडे वेळ नव्हता. मग लोहारानं ऐरणीवर थंड पाटाच ठोकून वाकवला. हातोडा फार वर न उचलता बारीक ठोके, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तो पाटा बघता बघता धनुष्यासारखा झाला.

प्रत्येक पाटा मी तारेला टांगून हातोडीनं वाजवला. आत चीर असली की पाटा बद्द वाजतो. चांगला असला की सूर बराच वेळ हलत राहतो. मिरज हे सतारी बनवणाऱ्यांचं गाव. रस्त्यापलीकडच्या दुकानातला एक म्हातारा कारागीर काम थांबवून ऐकत उभा राहिला. एक पाटा बद्द वाजला तेव्हा त्यानं तिथूनच मान हलवली. मी तो बाजूला टाकला.

पातळ पाटे चढवले. रिकामी गाडी छान वर आली. हौद्यात उडी मारली की पाळण्यासारखी हलायची. मग ज्वारीची पोती चढवली. एक, दोन, तीन, आणि गाडी हळूहळू बसत गेली. पूर्ण ओझ्यावर कमान जवळजवळ सरळ झाली. म्हैस पुन्हा बसली.

आता उन्हं कलली होती. मी गाडीखाली पाठीवर पडून त्या सरळ झालेल्या पाट्यांकडे बघत राहिलो. शिंदे आत सरकला आणि माझ्या बाजूला पडला. थोडा वेळ त्यानंही बघितलं. मग त्यानं ट्रकचा एक जाड पाटा ओढून घेतला आणि माझ्या पाट्यांच्या खाली धरला.

"तुजं वर ठेव," तो म्हणाला. "माजं खाली."

मला एका क्षणात दिसलं. पाच पातळ पाटे वर, कमानीचे. त्यांच्याखाली ट्रकचे दोन जाड, आखूड कापलेले आणि जवळजवळ सपाट. ओझं कमी असेपर्यंत जाड पाटे नुसते खाली पडून राहणार, गाडी मऊ चालणार. ओझ्यानं कमान दबली की पातळ पाटे त्यांच्यावर टेकणार आणि तिथून पुढं ट्रकची ताकद लागणार. मी उठायच्या नादात डोकं चासीवर आपटलं. आजही त्या जागी केस नाहीत.

दिवे लागायच्या सुमाराला मागच्या दोन्ही बाजू तयार झाल्या. पुढं एकेक पाटा वाढवला. गाडी उचलल्यावर मागच्या ब्रेकची रबरी नळी ताठ ओढली जात होती, तिचा चासीवरचा क्लॅम्प सोडून खाली घेतला. साहेब पुन्हा खोकं घेऊन हौद्यात बसले. गाडी फाटकावरून गेली आणि आली. साहेबांनी खोकं उघडलं, बाटल्या उजेडात धरल्या आणि आधीच्या फुटक्या काढून सगळ्या खोक्यांत कडबा भरायला सांगितला. आमची ट्रायल पास झाली.

पहाटे निघालो. सकाळी बेसवर पोचलो तेव्हा पाणी आदल्या दिवशीपेक्षा चार बोटं जास्त होतं. दोन्ही काठांवर माणसं जमली होती. मी फॅन बेल्ट काढला, नाहीतर पंखा इंजिनावर पाणी उडवतो. इंजिनाला ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरला जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळलं आणि ग्रीस थापलं. सायलेन्सरच्या तोंडाला पन्हाळीचा तुकडा लावून ते वर काढलं.

"डेल्टा, मी बेस. गाडी पाण्यात घालतोय. ओव्हर."

"बेस, मी डेल्टा. डॉक्टर विचारतात, किती वेळ लागेल? ओव्हर."

"येतोय एवढं सांग. आऊट," साहेब म्हणाले.

मी कमरेला दोर बांधला, त्याचं टोक काठावरच्या माणसांच्या हाती दिलं, बांबू घेतला आणि गाडीच्या पुढं पाण्यात उतरलो. मी तळ चाचपायचा आणि शिंदेनं माझ्या हाताच्या खुणेवर गाडी आणायची, असं ठरलं. मधे थांबायचं नाही, गिअर बदलायचा नाही.

"मी पडलो तर?" मी विचारलं.

"पडलास तरी थांबनार न्हाई," तो म्हणाला. "दोर हाय की."

गाडी पाण्यात आली. ज्या दगडानं आदल्या दिवशी आम्हाला परत पाठवलं, त्याच्यावरून ती अशी गेली जणू तो तिथं नव्हताच. मला ओरडावंसं वाटलं, पण पाणी पोटापर्यंत होतं आणि धार पाय ओढत होती. पुढं खड्डा लागला. मी उजवीकडे हात केला, शिंदेनं वळवलं. पाणी हौद्याच्या तळाला टेकलं. इंजिनाचा आवाज एकसारखा होता. अर्धं अंतर गेलं असेल, तेव्हा उजवं मागचं चाक एका मोठ्या दगडावर चढलं आणि पलीकडे उतरलं. गोळी सुटावी तसा आवाज झाला.

पातळ पाट्यांतला एक तुटला होता. आवाजावरून मला कळलं, त्यालाही कळलं. हौदा उजवीकडे कलला. खोकी सरकली. कललेला हौदा एका जागी येऊन थांबला. खालच्या दोन जाड पाट्यांनी ओझं घेतलं होतं. शिंदेनं माझ्याकडे बघितलं. पायाखालचा अॅक्सिलेटर त्यानं केसाएवढाही सोडला नव्हता. मी पुढं हो अशी खूण केली आणि बांबू रोवत चालत राहिलो.

पलीकडच्या काठावर कर्नाटकातले धनगर उभे होते. "बंतु, बंतु," असं ते एकमेकांना सांगत होते. आली, आली. गाडी काठ चढताना पंधरा-वीस हात तिच्या पाठीला लागले होते.

पुढचे सहा मैल काळ्या चिखलात गेले. शिंदेनं कलती बाजू जपत गाडी आणली. गावातल्या शाळेत रोगी जमिनीवर ओळीनं झोपवले होते. पाटणकरबाई दारात आल्या. डोळे लाल, पदर खोचलेला. त्यांनी स्वतः पहिलं खोकं उघडलं, कडबा बाजूला केला, मग दुसरं, मग तिसरं.

"एकही फुटली नाही?" त्यांनी विचारलं.

"न्हाई बाई," शिंदे म्हणाला. "पाटं बदललं."

त्यांना त्यातलं काही कळलं नसावं. "बरं केलंत," त्या म्हणाल्या. "उतरवा भराभर."

त्या दुपारी एक म्हातारी गेली. तिला उशीर झाला होता. त्यानंतर त्या गावात कोणी दगावलं नाही. संध्याकाळी मी तुटलेला पाटा काढून बरोबर आणलेला दुसरा घातला आणि साथ आटोक्यात येईपर्यंत आम्ही तो ओढा रोज ओलांडला. नंतर इन्स्पेक्शनला आलेल्या एका साहेबांनी गाडीखाली वाकून बघितलं आणि विचारलं की हे मॉडिफिकेशन कोणाच्या परवानगीनं केलं. कॅप्टन सूद म्हणाले, माझ्या. विषय तिथं संपला.

पुढच्या वर्षी लढाई सुरू झाली. शिंदेची बदली एका सप्लाय कंपनीत झाली होती, माझी पंजाबातल्या एका फील्ड वर्कशॉपला. सप्टेंबरात एका सकाळी रिकव्हरीवाल्यांनी एक थ्री टनर ओढून आणली. तोफेचा गोळा बाजूला पडला होता. काच नव्हती, डावं दार नव्हतं, रेडिएटरची चाळण झाली होती. ड्रायव्हरनं गाडी रस्त्यावरून उतरवून झाडाखाली नेली होती, मागच्यांना वाट मोकळी राहावी म्हणून. मी जॉब कार्ड भरायला घेतलं. ड्रायव्हरचं नाव विचारलं. रिकव्हरीच्या जवानानं सांगितलं, हवालदार शिंदे, साताऱ्याचा.

मी त्याला पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं.

मी केबिन धुतली. ते काम मी दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. मग रेडिएटर बदलला, दार बसवलं, काच घातली. पुढं गाड्यांची गरज होती. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा रस्त्यावर गेली.

लढाई थांबल्यावर सुट्टीत मी कोरेगावला उतरून त्याच्या गावी गेलो. त्याच्या घरात बाप होता, बायको अक्काताई होती आणि दोन लहान मुली. बाप जुना सुभेदार. तो माझ्याशी युनिट, सेक्टर, तारीख एवढंच बोलला आणि बाहेर जाऊन बसला. अक्काताईंनी चहा ठेवला. चुलीत काटकी सारत त्यांनी विचारलं.

"भावजी, मालकांच्या गाडीत काय हुतं?"

"दारूगोळा होता. तोफखान्यासाठी."

"त्यो पोचला का?"

"पोचला," मी म्हणालो. "मागच्या गाडीनं तो उतरवून घेतला. त्याच सकाळी पोचला."

त्यांनी मान हलवली आणि चहा गाळला.

गावाच्या वेशीजवळ एक दगड आहे. त्यावर लढाईत पडलेल्या गावकऱ्यांची पहिल्या महायुद्धापासूनची नावं आहेत, आता खाली जागा थोडी उरली आहे. मी वर्षातून एकदा तिथं जातो. टोपी काढत नाही, कारण सॅल्यूट टोपीवर करायचा असतो. नाव मोठ्यानं वाचतो. हवालदार निवृत्ती ज्ञानू शिंदे. वय बत्तीस.